भांडण मिटवायचा नर

आमच्या घरमालकीणबाईंशी माझं तीन वेळा भांडण झालं. पहिल्या भांडणात त्यांनी मला एक नर दिला, दुसऱ्यात मी त्यांना दिला, आणि तिसरं अजून मिटलेलं नाही. नर म्हणजे बदकाचा नर, उगाच भलता अर्थ काढू नका. करावे गावात त्या काळी ज्याचं त्यांच्याशी भांडण झालेलं नाही तो माणूस पाहुणा समजला जाई. आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो आणि सहाव्या महिन्यात मी गावकरी झाले. हे मी आजही चारचौघांत सांगते आणि ताठ मानेने सांगते.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही नवरा-बायको सांगलीकडचे, दोघांच्याही बदल्या बेलापूरच्या कचेऱ्यांमध्ये झालेल्या. मी टायपिस्ट, हे हेडक्लार्क. नवं शहर कागदावर पुरं झालं होतं, पण राहायला म्हणून जागा शोधायला गेलं की चिखल आणि सळया. कुणीतरी म्हणालं, करावे गावात एक बाई खोली देतात, पण आधी मुलाखत घेतात. आम्ही गेलो. बाई अंगणात उपड्या घमेल्यावर बसून कोंडा कालवत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत कोंड्यात. मान वर न करता त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दोगं भांडता का?"

"छे हो!" आमचे हे अभिमानाने म्हणाले. "लग्नाला चार वर्षं झाली, आवाज म्हणून चढला नाही."

"मंग तुमाला खोली देऊन मी काय करू?"

मी म्हटलं, "मावशी, रोज होतं. हे कबूल करत नाहीत इतकंच." तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं, आणि ओल्या हातानेच कनवटीची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून त्या आमच्या मावशी झाल्या.

मावशींचे यजमान मिठागरावर कामाला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक जासईला दिलेली. घरात माणूस म्हणून त्या एकट्या, पण घरामागे तळं होतं आणि तळ्यात त्यांची बदकं होती. गावात कोंबड्या सगळ्यांच्या घरी, बदकं फक्त मावशींची. सकाळी खुराड्याचं दार उघडताना त्या प्रत्येकीला काहीतरी बोलत. "तू काल अंडं कुटं टाकलंस?" "तुजी चाल बग, जशी काय सरपंचाची बायको." बदकंही एका सुरात उत्तर देत. पहिले आठ दिवस मला वाटलं, शेजारी रोज बायकांची सभा भरते.

बदकांच्या बाबतीत मावशींचा कायदा एकच होता. पाच माद्यांमागे एक नर. जास्त नर ठेवले की ते दिवसभर माद्यांच्या पाठी लागतात, चोचीने मानेची पिसं उपटतात, एखादी दुबळी असली तर तिला पाण्यात दाबून मारतात. मावशींनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे दर वर्षी उन्हाळ्यात नवी पिल्लं मोठी झाली की निवड व्हायची. ही निवड म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. मावशी एकेक पिल्लू उचलत, कानाजवळ धरत आणि त्याच्या पोटाला हलकेच बोट लावत. मादी असली तर ती कोकलून गाव गोळा करी. नर असला तर घशातून नुसतं खरखर करी, पडसं झाल्यासारखं.

"बदकात आवाज बाईचाच मोटा," मावशी सांगत. "देवानं एका ठिकानी तरी बराबर केलंय."

पुढे नरांच्या शेपटीवर एक पीस वर वळतं. पण मावशींना त्या पिसाची गरज कधी पडली नाही. दोन महिन्यांच्या पिल्लात त्यांचा कान चुकलेला मी पाहिला नाही, आणि हे मी टायपिस्ट म्हणून सांगते, चुका शोधण्यात माझी हयात गेली.

आता उरलेल्या नरांचं काय करायचं? कुणीही सांगेल, विकायचे नाहीतर खायचे. हायवेवरचा एक ढाबेवाला दर वर्षी येऊन सगळे नर मागायचा. मावशी त्याला पाणी द्यायच्या आणि परत पाठवायच्या. स्वतःही त्यांनी घरचा नर कधी कापला नाही. जादा नर भांडणासाठी राखून ठेवलेले असत. वर्षभरात ज्याच्या ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याच्या दाराला आषाढात, गटारीच्या आधी, एक जिवंत नर चिंधीने बांधून ठेवायचा. काही बोलायचं नाही. त्या घराने तो रांधायचा आणि मावशींना जेवायला बोलवायचं. मावशी जात, पोटभर जेवत, मसाला कसा पाहिजे होता ते सांगत, आणि उठताना म्हणत, "मिटलं." त्यानंतर त्या भांडणाचा शब्द निघत नसे. श्रावण लागायच्या आत गावाची सगळी भांडणं पोटात गेलेली असत.

त्यांना मी एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाल्या, "कोन शिकवनार? नर जास्ती होतात आनि भांडनं पन जास्ती होतात. दोन्ही घरात ठेवून चालत नाय."

आमच्या दुसऱ्या वर्षी भलतीच अडचण आली. दहा माद्या होत्या, म्हणजे दोन नर ठेवायचे. निघाले नऊ. एक नर मावशी दर वर्षी वेगळा काढत, त्याचं पुढे सांगते. राहिले सहा. आणि भांडणं मोजली तर चारच! ज्येष्ठ संपत आलेला. मावशी दोन दिवस हिशेब मांडत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी पदर खोचून भांडायला बाहेर पडल्या. पहिला सापडला पोस्टमन. तो बिचारा सायकलवरूनच हात जोडायला लागला, "मावशी, माजं गेल्या वर्षी झालंय, या वर्षी दुसऱ्या कुनाला तरी बगा!" पण त्याच्या घंटीने बदकं दचकतात हा मुद्दा मावशींनी आधीच काढून ठेवला होता. दुसरं भांडण त्यांनी आमच्या ह्यांच्याशी काढायचा प्रयत्न केला. हे प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे मावशी, बरोबर आहे" म्हणत राहिले. अर्ध्या तासाने मावशी घाम पुसत माझ्याकडे आल्या.

"कसा गो संसार करतंस ह्याच्याशी? धरायला कायच नाय."

उलट गावात काही खवय्ये असे होते की आषाढ जवळ आला की मुद्दाम तळ्याकाठी कचरा टाकायचे. मावशी त्यांना बरोबर ओळखत. त्यांच्या कचऱ्याकडे बघत निघून जात, आणि ते वर्षभर हळहळत बसत.

माझं पहिलं भांडण मात्र अस्सल होतं. आम्ही गेलो त्याच वर्षीचं. मी कपडे धुऊन साबणाचं पाणी मोरीतून सोडायची आणि ते मागच्या चरातून तळ्यात जायचं. एका रविवारी मावशी माझ्या बादलीसमोर येऊन उभ्या राहिल्या. बदकांच्या पंखांचं तेल जातं, ती बुडतील, तुला काय, तू भाडोत्री, आज हायस उद्या नायस. मी म्हटलं, मोरी तुम्ही बांधली, चर तुम्ही खणला, मी पाणी डोक्यावर घेऊन जाऊ का? आवाज चढत चढत गेला. सांगलीचा आवाजही काही कमी नसतो. हे पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले ते दुपारी बाहेर आले. मी दुसऱ्या दिवसापासून पाणी पुढच्या बाजूला ओतायला लागले, पण दोघीही एकमेकींशी बोलेनाशा झालो.

आणि आषाढात एका सकाळी आमच्या कडीला नर! मला ह्या प्रथेचा पत्ता नव्हता. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. मला वाटलं, मावशींनी प्रेमाने भेट दिली आहे, पण आपण काय करणार ह्याचं? म्हणून मी रीतसर त्याला काखोटीला मारलं, वर एक नारळ घेतला, आणि दोन्ही मावशींच्या ओट्यावर ठेवून हात जोडून परत आले. मावशी दारातच होत्या. त्यांचा चेहरा एकदम पडला. नारळ त्यांनी ढकलून दिला, नर उचलला आणि आत गेल्या. आता त्या माझ्याशी बोलत तर नव्हत्याच, पण माझ्या खिडकीकडे पाठ करून कोंडा कालवायला लागल्या.

मला सगळं उलगडून सांगितलं ते भिंतीपलीकडच्या बाईंनी. ह्या मावशींच्या धाकट्या जाऊबाई. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, पण मी त्या दोघींना बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उंच, सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ. विहिरीवर मला एकटीला गाठून त्या हळूच म्हणाल्या, "परत केलास? अगो, नर परत केला म्हंजे भांडन पायजे असा अर्थ होतो. मी पन केलेला. तीन वर्सं झाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाऊ वेगळे झाले तेव्हा सासूने घरातल्या वस्तू वाटल्या. भांडी, पाट, कोयते सगळे वाटून झाले आणि पाटा-वरवंटा उरला. सासूने पाटा थोरलीला दिला आणि वरवंटा धाकटीला. लोक हसले. सासू म्हणाली, असू दे, वाटण रोज लागतं. म्हणजे रोज एकीने दुसरीच्या दारात जायचं! पुढे सासू गेली, दोघींचे नवरेही गेले, पण वाटण रोज एकत्र होत राहिलं. मग एकदा गावदेवीच्या जत्रेच्या सकाळी धाकटीला वरवंटा घेऊन यायला उशीर झाला, थोरली ओरडली, धाकटीनेही ऐकवलं. तेवढंच. आषाढात रिवाजाप्रमाणे नर धाकटीच्या दाराला आला. पण धाकटीने त्याच आठवड्यात माळ घातली होती.

"मी कशी खाऊ? परत केला. ती समजली, तिचा नर खायला लागू नये म्हनून मी माल घातली!"

"मग तुम्ही जाऊन सांगायचं ना!"

"मोटी ती हाय. तिनं याला पायजे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खुराड्याच्या मागे जाळीचं एक वेगळं कुंपण होतं आणि त्यात तीन थोराड नर राहत. त्यांचं वेळापत्रकच निराळं. दुपारी माद्या आत घेतल्या की त्यांना तळ्यावर सोडायचं आणि माद्या बाहेर यायच्या आत परत कोंडायचं. मावशी त्यांना नावाने हाक मारत नसत. नुसतं "तिचे" म्हणत. "तिच्यांना कोंडा घालायचाय." "तिच्यांची जाली फाटलीय." मला वाटायचं, कुणी देवाघरी गेलेली लेक-बिक असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. ते जाऊबाईंचे नर होते. पहिला परत आलेला, आणि त्यानंतर दर आषाढात त्यांच्या नावाने वेगळा काढून न पाठवलेला एकेक. त्या वर्षी मावशींनी चौथा आत टाकला.

मी त्याच संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, आम्ही खात नाही. मला रिवाज ठाऊक नव्हता."

"खात नाय तर बोलायचं ना."

"तुम्ही बोलत होतात कुठे?"

हे त्यांना पटलं. पण नुसतं पटून भागणार नव्हतं, भांडण मिटायला काहीतरी व्हायला हवं होतं. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला. "तुजा नर तू पाल. रोज कोंडा तू घालायचा. आनि मना जेवायला बोलव." मी बोलवलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. मावशींनी सगळं खाल्लं, ताट पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "तोंडात कायच लागलं नाय. पन मिटलं." बदकाचा नर न कापता मिटलेलं ते गावातलं पहिलं भांडण. ते माझं होतं.

संधी साधून मी लगेच म्हटलं, "मग जाऊबाईंशीही असंच मिटवा की."

"तुजी गोस्ट येगली," मावशी एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तू भाडोत्री. ती घरची हाय."

त्यानंतर मी विषय काढला नाही. पण घरात नीट बघितलं तर पाटा ओसरीच्या कोपऱ्यात होता आणि मावशी खाडीतून आणलेल्या एका गोट्याने त्याच्यावर मिरची ठेचायच्या. गोटा निसटायचा. दर वेळी निसटला की त्या भिंतीकडे बघून एक शिवी घालायच्या. भिंतीपलीकडे जाऊबाई वरवंट्याने कौलाच्या तुकड्यावर काहीतरी वाटत असायच्या आणि कौल फुटायचं. हे दोन्ही आवाज मी पुढची दोन वर्षं ऐकले.

तिसऱ्या उन्हाळ्यात दोन माणसं टेप घेऊन आली आणि तळ्याच्या भोवती चुन्याची रेघ मारून गेली. तळं बुजवून त्यावरून रस्ता जाणार होता. पावसाळा संपला की भराव पडणार. मावशी रेघेच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन फेऱ्या मारून आल्या. मग घमेलं उपडं करून बसल्या आणि मला म्हणाल्या, "ऱ्हायला जागा नाय म्हंजे नायच. आता वाटप करायला पायजे."

वाटप त्यांनी सरळ केलं. दहा माद्या आणि दोन नर लेकीकडे जासईला, तिथल्या शेततळ्यात. नव्या पिल्लांतले जादा नर, ज्यांच्याशी त्या वर्षी भांडणं झाली होती त्यांना. कचरा टाकणाऱ्या खवय्यांनाही ह्या खेपेला एकेक मिळाला. सगळं नीट लागलं. उरले ते "तिचे". आता पाच झाले होते. आणि माझा एक.

लेक म्हणाली, इतके नर मी नेले तर माझ्या माद्या मारतील. ढाबेवाला परत येऊन गेला. शेजारी म्हणाले, मावशी, म्हातारे झालेत, गटारीला कापा, सगळ्या आळीला रस्सा होईल. मावशी कुणालाच हो म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, तर आढेवेढे न घेता म्हणाल्या, "हे पाच कापले ना, तर मंग मी मरेपर्यंत तिच्या दारात जानार नाय. जायला कारनच ऱ्हानार नाय." आणि डोळे पुसले. मावशींच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या एका वेळी.

आषाढ लागला. मावशी रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन उभ्या राहत आणि परत येत. भिंतीपलीकडे जाऊबाईही अंगणात यायच्या, इकडे कान देऊन उभ्या राहायच्या आणि आत जायच्या. एका रविवारी मला राहवलं नाही. मावशी कोंडा घालत होत्या, मी समोर जाऊन उभी राहिले आणि सुरुवात केली. ठरवून केली, पण दोन वाक्यांनंतर मला खरोखरच राग आला होता.

"मावशी, पाच वर्षं झाली! गुन्हा तुम्ही दोघींनी केला आणि कैद ह्या मुक्या जिवांना. सगळ्या गावाला पाच माद्यांमागे एक नर शिकवता, आणि स्वतःच्या घरात पाच नर एका भिंतीपायी कोंडून ठेवलेत!"

"तू मना शिकवतंस?"

"शिकवते! सासूने दगड अर्धा-अर्धा कशाला दिला होता तुम्हाला? गोट्याने मिरची ठेचायला?"

मावशी ताडकन उठल्या. कोंड्याचं घमेलं उलटलं. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. मावशींनी बांबूची काठी घेतली, कुंपणाकडे गेल्या आणि जाळीचं दार उघडलं.

"तू भांडलीस ना माज्याशी? मंग नर दे."

"काय?"

"भांडन काडलंस, आता मिटवायला नर दे. तुजा घे आनि चल माज्यासंगं."

मी माझा नर उचलला. सकाळचे दहा वाजले होते, आळी सगळी जागेवर. पुढे मावशी काठी घेऊन, त्यांच्यामागे पाच थोराड नर एका ओळीत डुलत, आणि शेवटी मी काखेत सहावा घेऊन. तळ्याच्या बाजूने वळसा घालून आम्ही पुढच्या रस्त्याने गेलो. भिंतीतून जायला दार नव्हतं ना. लोक ओट्यांवर आले. कुणी हसलं नाही. आमचे हे दारात उभे होते, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात काहीतरी म्हटलं. "शाब्बास!" म्हटलं.

जाऊबाई दारातच होत्या. मावशी अंगणात थांबल्या. त्यांच्याकडे न बघता, विहिरीकडे बघत बोलायला लागल्या.

"नर आनलेत. हे पाच तुजे. यो सावा ह्या भाडोत्रिनीचा. खाऊ नको, पाल. तुज्या इहिरीपाशी टाकी हाय."

जाऊबाईंनी नर मोजले. एकेकाकडे नीट पाहिलं. पहिला नर, जो त्यांनीच परत पाठवला होता, तो एव्हाना एका पायाने किंचित लंगडत होता.

"पाच वर्सांत येक पन नाय मेला?"

"मरतील कशे? रोज कोंडा घातलाय."

"म्हंजे रोज माजी आटवन काडलीस."

"शिव्या घालत होते तुला."

"ती पन आटवनच, बाय," जाऊबाई म्हणाल्या. त्या झटकन वळून आत गेल्या. मला वाटलं, झालं, पुन्हा दार लागणार. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत वरवंटा होता. काळा, गुळगुळीत, मधे थोडा झिजलेला.

"पाटा आन," त्या म्हणाल्या.

पाटा उचलून आणायला मी आणि मावशी गेलो. चार पुरुष मदतीला धावले, मावशींनी कुणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी जाऊबाईंच्या ओसरीवर ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि कोथिंबीर वाटली गेली. थोरलीने वाटायला बसायचं आणि धाकटीने पाणी शिंपडायचं, असा त्यांचा जुना रिवाज होता. तांदळाच्या भाकरी झाल्या. मावशींनी पहिला घास घेतला. आळी वाट बघत होती.

"मीट कमी हाय," मावशी म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "मिटलं."

मिठागरवाल्याच्या बायकोला मीठ कधी पुरायचं, असं काहीतरी उत्तर जाऊबाईंनी दिलं, त्यावर मावशींनी, आणि दोघींचं तिथल्या तिथे पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी बदकांनी टाकीचं पाणी घाण केलं म्हणून, तिसऱ्या दिवशी वरवंटा कुणाकडे राहायचा म्हणून. इतकी सुरेख भांडणं मी पुढे कुठे ऐकली नाहीत. आषाढ संपायच्या आत मधल्या भिंतीच्या विटा काढून मावशींनी तिथे येण्याजाण्यापुरती वाट केली.

पावसाळा संपला, तळं बुजलं. पुढच्या वर्षी आम्हाला सेक्टरमध्ये स्वतःचा फ्लॅट मिळाला. वास्तूला मावशी आणि जाऊबाई दोघी आल्या. मावशींनी सगळं घर फिरून पाहिलं, मोरी पाहिली, बाल्कनी पाहिली, आणि पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मना न विचारता घर घेतलंस? ह्यात मानूस ऱ्हातो? चप्पल काडायला जागा नाय आनि देव संडासाच्या भिंतीला!"

नव्या सोसायटीतले शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या सासूबाईंनी माझा हात धरला, बाई कोण आहेत विचारायला. आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मीही कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, देव कुठे ठेवायचे ते तुम्ही कोण सांगणार? चांगली पंधरा मिनिटं चाललं. मग दोघी दमून खुर्चीत बसलो, चहा घेतला. मी हळूच विचारलं, "मावशी, आता हे मिटवायचं कशाने? तुमची बदकं तर जासईला गेली."

"नाय मिटवायचं," मावशी बशीत चहा ओतत म्हणाल्या. "आता तू लांब ऱ्हायला आलीस. भांडन ऱ्हायलं तर येनंजानं ऱ्हातंय."

त्या दर आषाढात येत राहिल्या. दर वेळी देवाच्या भिंतीवरून आम्ही पुढचं भांडलो, आणि दर वेळी जाताना त्या "मिटलं" न म्हणता जिना उतरल्या. आता मावशी नाहीत. त्यानंतर दोन वेळा घराचं रंगकाम झालं, एकदा सुतार म्हणाला, देव्हारा पूर्वेच्या भिंतीला सरकवू का? मी त्याला हात लावू दिला नाही. देव अजून त्याच भिंतीला आहेत. ते भांडण माझं आणि मावशींचं आहे, ते मी असं परस्पर मिटू देणार नाही.